ब्रीड टिकते ती बोक्यांच्या संख्येवर

पाश्चात्त्य देशांतल्या बर्मीज मांजरांची वंशावळ मागे नेत गेलं की ती वाँग मौ या एका मांजरीपाशी जाऊन पोचते. १९३० साली ब्रह्मदेशातून सॅन फ्रान्सिस्कोला आलेली ही लहान चणीची तपकिरी मांजरी डॉ. जोसेफ थॉम्पसन यांच्याकडे होती. तिच्यासारखा बोका अमेरिकेत नव्हता, म्हणून तिला ताई मौ नावाच्या सयामी बोक्याचा जोड दिला. त्यातून काही पिल्लं सयामी रंगाची झाली आणि काही आईसारखी. मग आईसारख्या दिसणाऱ्या मुलाशीच वाँग मौचा जोड लावला, तेव्हा अंगभर गडद तपकिरी रंगाची पिल्लं मिळाली. आज बर्मीज रंग म्हणून जो ओळखला जातो तो हाच. वाँग मौ स्वतः बर्मीज आणि सयामी रंगाचं एकेक जनुक बाळगून होती, म्हणजे आजच्या हिशेबाने टाँकिनीज, हेही याच जोडांमधून कळलं.

आई आणि मुलगा यांच्या जोडातल्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे सीओआय, २५ टक्के असतो. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता म्हणजे हा आकडा. बर्मीज ब्रीडची सुरुवात या आकड्यावर झाली. नंतर सयामीशी इतका संकर झाला की अमेरिकेतल्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने १९४७ मध्ये ब्रीडची मान्यताच थांबवली. पन्नासच्या दशकात ती परत मिळाली खरी, पण त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या बर्मीजला बर्मीजच असे जोड लावावे लागले. बाहेरचं रक्त येण्याची वाट तिथे बंद झाली. दुसऱ्या ब्रीड्सचा इतिहास तपशिलात वेगळा असला तरी सांगाडा हाच असतो: मोजके संस्थापक, मग बंद नोंदवही, म्हणजे त्याच ब्रीडच्या आईबापांच्या पिल्लांचीच नोंद, मग एखादा गाजलेला बोका.

बर्मीजच्या बाबतीत तो बोका सत्तरच्या दशकातला गुड फॉर्च्यून फॉर्च्युनाटस. त्याचं डोकं अधिक गोल आणि नाक आखूड होतं, आणि प्रदर्शनांतल्या परीक्षकांना ते आवडलं. मग सगळ्यांनाच त्याचा, त्याच्या मुलांचा आणि नातवांचा जोड हवा झाला. या चेहऱ्यामागे एएलएक्स१ जनुकातला १२ अक्षरांचा तुकडा गळालेला होता. एक प्रत असेल तर चेहरा गोल आणि आखूड होतो. दोन्ही प्रती तशा असतील तर पिल्लाच्या कवटीची पुढची बाजू नीट घडतच नाही: वरचा जबडा दुहेरी, डोळे नाहीत, मेंदूचा भाग उघडा. अशी पिल्लं अनेकदा जिवंत जन्मतात आणि त्यांना वेदनामुक्त करण्यावाचून इलाज नसतो. दोन आखूड चेहऱ्यांच्या बर्मीजचा जोड लावला की सरासरी चारातलं एक पिल्लू असं निघतं. २०१६ मध्ये हे जनुक नेमकं सापडलं, पण तोवर अनेक वर्षं ते अमेरिकेतल्या बर्मीजमध्ये पसरलेलं होतं. ब्रिटन आणि युरोपातल्या ब्रीडरांनी त्या वंशावळींपासून अंतर राखलं आणि एका ब्रीडच्या दोन शाखा झाल्या. म्हणजे आधीच लहान असलेली संख्या पुन्हा विभागली.

जनुक वाईट होतं म्हणून हे घडलं, एवढंच म्हणून थांबणं मला पटत नाही. प्रत्येक मांजरात काही दुष्ट अप्रभावी जनुकं, म्हणजे दोन प्रती असल्या तरच परिणाम दाखवणारी, लपलेली असतातच, आणि ती लपलेली आहेत तोवर कुणाला त्रास होत नाही. एकाच बोक्याची पिल्लं सगळ्या कॅटऱ्यांमध्ये, म्हणजे मांजरांची पैदास करणाऱ्यांकडे, गेली की चौथ्या-पाचव्या पिढीत त्याच्या जनुकाच्या दोन प्रती एका पिल्लात भेटू लागतात. म्हणून ब्रीडचं आरोग्य मोजायचं असेल तर मी आधी विचारतो, गेल्या तीन वर्षांत किती वेगवेगळ्या बोक्यांपासून वेत झाले?

याचं गणित साधं आहे. बोके आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला ४ ने गुणा आणि दोघांच्या बेरजेने भागा. येते ती परिणामकारक संख्या. २ बोके आणि २० माद्या असतील तर ही संख्या ७.३ येते. दिसायला २२ मांजरं, पण आनुवंशिक विविधता टिकवण्याच्या दृष्टीने सातच. आता माद्या वाढवून १०० करा: आकडा ७.८ वर अडकतो. उलट माद्या २० च ठेवून बोके ५ केले तर तो १६ होतो आणि १० बोके ठेवले तर २६.७. दर पिढीत सीओआय किती वाढणार हे काढायला १ ला या संख्येच्या दुपटीने भागायचं. ७.३ असताना दर पिढीला जवळपास ७ टक्के, १६ असताना ३ टक्क्यांच्या किंचित वर. पाळीव जनावरांच्या जाती टिकवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सांगितलेली किमान परिणामकारक संख्या ५० आहे, म्हणजे पिढीला १ टक्का वाढ. बऱ्याच लहान ब्रीड्स या रेषेच्या खूप खाली आहेत.

बोके कमी का पडतात, याचं कारण कॅटरी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वयात आलेला बोका भिंतींवर फवारे मारतो, त्या वासात घरात राहणं कठीण होतं, तो इतर बोक्यांशी मारामाऱ्या करतो, आणि त्याला स्वतंत्र मोठा पिंजरा किंवा खोली लागते. त्यामुळे एका कॅटरीत एखाददुसराच बोका असतो आणि तोच वर्षानुवर्षं वापरला जातो. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहेत. बोका दीड-दोन वर्षं वापरा, दोन-तीन वेत घ्या, मग त्याला खच्ची करून चांगलं घर द्या. खच्चीकरणानंतर काही आठवडे वीर्यनलिकेत जिवंत शुक्राणू उरलेले असतात, तेवढे दिवस त्याला माजावरच्या मादीपासून लांब ठेवायचं. त्याच्या जागी त्याच्याच मुलाला न आणता दुसऱ्या कॅटरीतला कमी नात्याचा बोका आणा, आणि त्याचा मुलगा तिसऱ्या कॅटरीकडे जाऊ द्या. चार-पाच कॅटऱ्यांनी मिळून बोके फिरवले तर कुणालाही दोनपेक्षा जास्त सांभाळावे लागत नाहीत. जोडासाठी मांजर एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याआधी दोन्हीकडच्या मांजरांची एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांमधल्या संसर्गजन्य विषाणूंची चाचणी झालेली हवीच. यात ओळखीपाळखीवर भागत नाही.

पुढच्या पिढीसाठी पिल्लं निवडतानाही बराच फरक पाडता येतो. प्रत्येक बोक्यामागे एकच मुलगा आणि प्रत्येक मादीमागे एकच मुलगी प्रजननासाठी ठेवली, तर तेच ५ बोके आणि २० माद्या परिणामकारक संख्येत १६ वरून २५ च्या जवळ जातात. एकही मांजर वाढवावं लागत नाही. नेहमी घडतं ते उलटं: एका देखण्या मादीच्या तीन मुली ठेवल्या जातात आणि दुसरीची एकही नाही. दुसरीच्या रक्तात जे वेगळं होतं ते तिथेच संपतं. शिवाय मुलगी पहिल्या वेतातली न ठेवता दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेतातली ठेवली, तर दोन पिढ्यांमधलं अंतर वाढतं आणि वर्षाला होणारी विविधतेची गळती कमी होते. तोवर आईची तब्येत आणि वेताचा इतिहासही कळलेला असतो, हा दुसरा फायदा.

आता सीओआयबद्दल थोडं, कारण त्याचा गैरसमज फार आहे. बाप आणि आई या दोघांच्या बाजूंनी जो पूर्वज सामाईक येतो त्याच्यापर्यंतच्या पायऱ्या मोजायच्या. बापापासून त्या पूर्वजापर्यंत जेवढ्या, अधिक आईपासून जेवढ्या, अधिक एक. तितक्या वेळा अर्ध्याला अर्ध्याने गुणायचं. असे सामाईक पूर्वज जितके असतील त्या सगळ्यांची बेरज करायची. पिल्लाचे दोन्ही आजोबा म्हणजे एकच बोका असेल, तर पायऱ्या १ आणि १, अधिक १, म्हणजे तीनदा अर्धं: १२.५ टक्के. तो बोका स्वतःच २५ टक्के अंतःप्रजनित असेल तर याला १.२५ ने गुणा, १५.६ टक्के. दोन्ही बाजूंना तो एकेकदा पणजोबा असेल तर ३.१ टक्के. सख्ख्या भावाबहिणीच्या जोडाचे २५ टक्के.

गोची अशी की ही गणना कागदाइतकीच खरी असते. कागदावर जिथे वंशावळ संपते, तिथले पूर्वज एकमेकांचे कुणीच नव्हते असं गणित धरून चालतं. म्हणून तीन पिढ्यांच्या कागदावर सीओआय शून्य दाखवणारं मांजर दहा पिढ्यांवर १५-२० टक्क्यांना जाऊ शकतं. आकडा सांगताना किती पिढ्यांवर काढला ते सांगितलं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. पाच पिढ्यांत ६२ पूर्वज येतात, दहा पिढ्यांत २०४६. ते हाताने मोजता येणार नाहीत, त्यासाठी पॉपेड्ससारखे ऑनलाइन वंशावळींचे साठे आहेत. मेन कून, नॉर्वेजियन फॉरेस्ट आणि सायबेरियन पाळणारे ते सर्रास वापरतात.

कागदाला जोड म्हणून डीएनएमधली विषमयुग्मता, म्हणजे जनुकांच्या दोन प्रती एकमेकींपासून वेगळ्या असण्याचं प्रमाण, मोजणाऱ्या चाचण्या आता मिळतात. त्यांचा खरा उपयोग एका वेतातल्या पिल्लांमध्ये निवड करताना होतो. सख्ख्या भावंडांचा कागदावरचा सीओआय अगदी सारखा असतो, डीएनएत मात्र एक पिल्लू बरंच एकसारखं आणि दुसरं बरंच मिश्र निघू शकतं. नमुना घेताना घाई करू नका. पिल्लू नुकतंच आईला प्यायलं असेल तर गालाच्या आतून फिरवलेल्या काडीवर आईच्या पेशी येतात आणि निकाल गोंधळाचा येतो. पिल्लाला काही वेळ वेगळं ठेवून मगच नमुना घ्या. काडी पूर्ण वाळू द्या आणि कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि नमुना फुकट जातो. कोकणातल्या पावसाळी हवेत ही काळजी दुप्पट.

चाचण्यांबद्दल एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. अप्रभावी आजाराचं वाहक, म्हणजे त्या जनुकाची एकच प्रत बाळगणारं, मांजर प्रजननातून सरसकट बाद करू नका. बर्मीजचंच उदाहरण घ्या. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन बर्मीजमध्ये रक्तातलं पोटॅशियम घसरण्याचा आजार आहे. दोन ते सहा महिन्यांच्या वयात पिल्लू अशक्त होतं, चालताना अडखळतं, मान खाली झुकवून बसतं. याचं कारण डब्ल्यूएनके४ जनुकातला बदल, आणि त्याची चाचणी आहे. एक प्रत असलेलं मांजर आयुष्यभर निरोगी राहतं. त्याचा जोड निर्दोष मांजराशी लावला तर निम्मी पिल्लं निर्दोष, निम्मी वाहक, आजारी एकही नाही. त्यातलं निर्दोष पिल्लू पुढे ठेवा. एका पिढीत जनुक गेलं आणि बाकीचं रक्त राहिलं. उलट चाचणी आली म्हणून सगळे वाहक एकदम खच्ची केले, तर त्यांच्याबरोबर हजारो चांगली जनुकं जातात आणि उरलेल्या थोड्या मांजरांमध्ये दुसरा, अजून नाव नसलेला आजार वर येतो. त्याची चाचणी यायला पुढची वीस वर्षं लागू शकतात. बर्मीजमध्ये मधुमेहाचं प्रमाण जास्त आहे, आणि तो अनेक जनुकांनी मिळून होतो. एका काडीने सुटणारा तो प्रश्न नाही, तिथे विविधता हाच आधार.

प्रभावी जनुकाचं तसं नाही. पर्शियनमधला पीकेडी, म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जाण्याचा आजार, एका प्रतीनेच होतो. दोन प्रती असलेली पिल्लं गर्भातच मरतात. २००४ मध्ये पीकेडी१ जनुकातला बदल सापडला, तेव्हा जगभरातल्या पर्शियनांपैकी एक तृतीयांशाहून जास्त बाधित होती. मुंबई-पुण्यात ज्यांना पर्शियन जोड लावायचा आहे त्यांनी हा अहवाल मागितलाच पाहिजे, किंवा दहा महिन्यांच्या वयानंतर सोनोग्राफी तरी करून घ्यावी. आपल्याकडे बहुतेक पर्शियन कागदपत्रांशिवाय विकली जातात. एकाच विक्रेत्याकडून 'पेअर' म्हणून घेतलेली दोन पिल्लं अनेकदा भावंडं किंवा सावत्र भावंडं असतात. वंशावळ नसेल तेव्हा नर आणि मादी वेगळ्या शहरांतून, वेगळ्या विक्रेत्यांकडून घेणं एवढं तरी हातात आहे. आणि तेही जमत नसेल तर जोड लावूच नये. दोन्ही मांजरांची नसबंदी करून त्यांना सुखाने घरात राहू द्यावं.

वहीत काय लिहायचं, तेही सांगतो. प्रत्येक जोडाची तारीख, गर्भ राहिला की नाही, जन्मलेली पिल्लं, मेलेली जन्मलेली, बारा आठवड्यांच्या आत गेलेली, प्रत्येकाचं जन्माचं वजन. साधारण ९० ते ११० ग्रॅम ठीक. वेताचा आकार हळूहळू कमी होणं, जोड लावूनही मादी गाभण न राहणं, जन्माचं वजन घसरणं ही विविधता आटत चालल्याची पहिली चिन्हं असतात, आणि ती एका वेतात कधीच दिसत नाहीत. पाच-सहा वर्षांच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या तरच दिसतात. बर्मीजचे वेत इतर ब्रीड्सच्या मानाने मोठे असतात, त्यामुळे तिथे घसरण आणखी उशिरा लक्षात येते.

आणि शेवटी आउटक्रॉस, म्हणजे ब्रीडबाहेरचं रक्त. नोंदवहीच्या आतच विविधता उरली नसेल तर बोके कितीही फिरवले तरी नवं काही येत नाही. हॅवाना ब्राउन या तपकिरी मांजरांच्या ब्रीडमध्ये ही वेळ नव्वदच्या दशकात आली आणि १९९८ पासून सयामी, ओरिएंटल आणि नोंद नसलेल्या काळ्या साध्या मांजरांशी जोड लावायला परवानगी मिळाली. काळ्या मांजराशी जोड लावला की पहिल्या पिढीतली सगळी पिल्लं साधारणपणे काळी होतात, कारण तपकिरी रंग अप्रभावी आहे. त्यांचा जोड पुन्हा हॅवानाशी लावला की निम्मी तपकिरी मिळतात. म्हणजे रंगासाठी दोन पिढ्या थांबावं लागतं, आणि पहिली काळी पिढी पाहूनच अनेकांचा धीर सुटतो. बर्मीजला साध्या काळ्या मांजराचा जोड दिला तरी रंगाचा हिशेब हाच. टाँकिनीज वापरलं तर पहिल्याच पिढीत निम्मी पिल्लं बर्मीज रंगाची मिळतात, पण टाँकिनीजचं निम्मं रक्त मुळात बर्मीजच असल्याने मिळकतही तेवढीच कमी. मला विचाराल तर थायलंड-ब्रह्मदेशातली रस्त्यावरची मांजरं बर्मीजसाठी सगळ्यात चांगली. डीएनएच्या अभ्यासांत बर्मीज, सयामी आणि कोरात यांचं नातं आग्नेय आशियातल्या साध्या मांजरांशीच जुळतं. ठेवण फार बिघडत नाही आणि विविधता भरपूर मिळते.

बाहेरचं मांजर निवडताना रक्तगट विसरू नका. बर्मीज आणि सयामी जवळपास सगळी ए गटाची. ब्रिटिश शॉर्टहेअर, डेव्हन रेक्स आणि बर्मन यांत बी गट बऱ्यापैकी आढळतो, आणि तो अप्रभावी असल्याने एक-दोन पिढ्या लपून राहतो. मग कधीतरी बी गटाच्या मादीला ए गटाच्या बोक्याचा जोड लागतो. पिल्लं धडधाकट जन्मतात, पहिलं दूध पितात, आणि दुधातली प्रतिपिंडं त्यांच्या रक्तपेशी फोडू लागतात: लघवी गडद लालसर-तपकिरी, कावीळ, शेपटीचं टोक काळं पडून गळणं, किंवा दुसऱ्या दिवशी सरळ मृत्यू. रक्तगट आधी माहीत असेल तर पिल्लं पहिले २४ तास आईपासून बाजूला ठेवून ए गटाच्या दूध देणाऱ्या मांजरीखाली किंवा तयार दुधावर काढता येतात. नंतर ती आईचं दूध निर्धोकपणे पिऊ शकतात.

एकच आउटक्रॉस पुरत नाही, हे गणितानेच दिसतं. एका मांजरात कुठल्याही जनुकाची फार तर दोन रूपं असतात. त्याच्या वंशाला दर पिढीत मूळ ब्रीडशीच जोड दिला तर नवं रक्त ५०, २५, १२.५ असं निम्मं होत जातं. म्हणून चार-पाच एकमेकांशी नातं नसलेली बाहेरची मांजरं वेगवेगळ्या कॅटऱ्यांनी वापरायला हवीत, आणि परतीचा प्रत्येक जोड वेगळ्या बोक्याचा हवा. शिवाय प्रत्येक पिल्लू आईबापांचं फक्त निम्मं घेऊन येतं. बाहेरच्या मांजरातलं एखादं रूप पुढे जाण्याची शक्यता एकच पिल्लू प्रजननात राहिलं तर ५० टक्के, दोन राहिली तर ७५, तीन राहिली तर ८७.५ आणि चार राहिली तर जवळपास ९४. तेव्हा अशा वेतातली किमान तीन पिल्लं, त्यात एक तरी बोका, तीन वेगळ्या कॅटऱ्यांमध्ये गेली पाहिजेत. पिल्लू नसबंदी करूनच द्यायचं ही विक्रीची नेहमीची अट या वेतापुरती बदलावी लागते, आणि त्या जागी करारात लिहून घ्यावं लागतं की खच्ची करण्याआधी या पिल्लाचा निदान एक वेत ब्रीडच्या नोंदीत येईल.